बॉनेटवरची गुलाबी झाक

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले चमकदार अनुभव लिहून द्या, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, की चमक हा शब्द ऐकला की माझं डोकं तापतं, तेव्हा आधीच विचार करा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तसंच लिहा. म्हणजे आता जे काही होईल त्याला त्या जबाबदार.

मी गाड्यांना वॅक्स करायचे. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी आमची पत्र्याची शेड होती. आमचे हे स्प्रे-पेंटर. आम्ही मूळचे कराडकडचे. हे इथल्या एका कारखान्यात लागले, तिथे कोणाशी पटलं नाही, म्हणून स्वतःचं रंगकाम सुरू केलं. रंगवलेली गाडी घासूनपुसून तयार करायला माणूस टिकेना, तेव्हा हे मला म्हणाले, "तूच ये. धुणं-पुसणं तर तुला येतंच." त्या वाक्याचा राग मला अजून आहे, आणि तो अजून आहे हे त्यांनाही माहीत आहे.

पहिली काही वर्षं येणारा प्रत्येक माणूस दारात उभा राहून विचारायचा, "मालक कुठे आहेत?" माझे हात कोपरापर्यंत वॅक्सनं पांढरे, खांद्यावर चार फडकी, तरी मालक कुठे आहेत. एकानं तर मला चहा सांगितला. मी आणून दिला, आणि तो चहा पीत असताना त्याच्या गाडीच्या छतावर उन्हानं रंग कुठे कुठे मेलाय ते एकेक बोट ठेवून दाखवलं. त्याचा चहा तसाच राहिला. पुढे तो माझं कायमचं गिऱ्हाईक झाला, पण माझ्या नजरेला नजर देऊन कधी बोलला नाही.

आता ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. ऊन, खारा वारा, पक्ष्यांची घाण हे सगळं तो सोसतो. त्याच्या मदतीला आपण वरून मेणाचं एक पातळ पांघरूण घालतो, ते वॅक्स. ते दोन-तीन महिने टिकतं, मग उन्हानं आणि साबणानं विरत जातं. पण सगळं जात नाही. कुठे राहतं, कुठे जातं, आणि राहिलेलं चिकट होऊन धूळ धरून ठेवतं. म्हणून नवं वॅक्स लावायच्या आधी जुनं मुळापासून काढायचं असतं. हे एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात घालण्यात माझी सगळी उमेद गेली. काढायचं म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. लावायचं म्हटलं की खुलतात. काढलेलं दिसत नाही ना!

जुनं वॅक्स आहे की नाही हे ओळखायला पाणी ओतायचं. पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले तर वॅक्स आहे. पाणी सपाट पसरून ओघळून गेलं तर रंग उघडा आहे. आणि रंगावर काय रुतलंय ते बघायचं असेल तर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि बोटं अलगद फिरवायची. उघड्या हाताला जे गुळगुळीत लागतं, तेच पिशवीतून रव्यासारखं खरखरीत लागतं. मी हे गिऱ्हाइकाला स्वतः करायला लावायचे. आमच्या भागातल्या गाड्यांवर तो रवा फार. कारखान्यांच्या चिमण्या अवतीभवती असल्यावर दुसरं काय होणार.

काढायची पद्धत काही जादूची नाही. गाडी सावलीत थंड होऊ द्यायची. वॅक्स न मिसळलेल्या कडक साबणानं धुवायची. मग चिकणमातीसारखी एक वडी मिळते, क्ले म्हणतात तिला, ती साबणाच्या पाण्यावरून हलक्या हातानं फिरवायची, की रुतलेलं सगळं ती उचलून घेते. वडी जमिनीवर पडली तर फेकून द्यायची, कितीही जीव तुटला तरी. शेवटी पाण्यात स्पिरिट कालवून दर हातभर जागेला नवं फडकं घेऊन पुसायचं. कंपनीच्या नावाच्या अक्षरांमध्ये आणि रबराच्या कडांना पांढरं वॅक्स अडकून बसतं, त्याला दात घासायचा जुना मऊ ब्रश. एका गाडीला अख्खा दिवस जातो. रॉकेल, थिनर, पेट्रोल यांचं नावही काढायचं नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून रॉकेलनं पुसलेल्या गाड्या माझ्याकडे यायच्या, तेव्हा मी मालकाला आधी पोटभर बोलून घ्यायचे आणि मगच गाडीला हात लावायचे.

दसऱ्याच्या आठवड्यात तर माझा पारा खाली यायचाच नाही. वर्षभर गाडीकडे न बघणारे लोक नवमीला रांग लावायचे. एकदा एकजण आला, तासाभरात चमकवून द्या म्हणाला. बघते तर बॉनेटवर गेल्या वर्षीच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक, आणि त्यावरून कोणीतरी वॅक्स मारलेलं. स्वस्तिक फोटो लॅमिनेट करावा तसं आत पक्कं. मी म्हटलं, हे काढावं लागेल, आतला रंग खातंय ते. तो घाबरला. देवाचं चिन्ह काढलं तर घरी काय सांगू, म्हणाला. मी त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोला फोन लावला. ती माउली म्हणाली, "काढा हो खुशाल, उद्या मी नवीन काढणारच आहे." मग मी त्याला खुर्ची दिली आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. जे तसं नेता येत नाही ते आता सांगते.

दामू इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा. मच्छीमारांच्या घरातला, पण होडीतला आपला वाटा धाकट्या भावाला देऊन तो बोईसरला ड्रायव्हर म्हणून लागला. कुंभवलीच्या बाजूला रंग बनवणारा एक कारखाना आहे. कापडाचा रंग, पुडीचा. त्या कारखान्याच्या शेठची पांढरी गाडी तो चालवायचा. दुकानावरून जाताना हॉर्न द्यायचा आणि खिडकीतून हात काढायचा. शेठची गाडी होती, पण दामूनं ती लेकरासारखी सांभाळली. शेठ कधी कौतुकाचा एक शब्द बोलला असेल असं मला वाटत नाही.

नोकरी नवी होती तेव्हा तो माझ्याकडे वॅक्सचा डबा घ्यायला आला. दसऱ्याचेच दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्यानं विचारलं, "काकी, हे लावायच्या आधी जुनं काढाया लागतं का?"

बघा, त्यानं विचारलं होतं. हजारांत एक माणूस हे विचारतो. आणि मी काय सांगितलं? "लाव की वरून, काही होत नाही."

का सांगितलं असं? एक तर घाई होती. पण ते अर्धंच कारण झालं. जुनं कसं काढायचं हे सगळ्या ड्रायव्हरना शिकवलं तर माझ्याकडे कोण येईल, असं माझ्या मनात होतं. दुसऱ्यांवर आग पाखडताना मी हे सोयीनं विसरायचे. आज लिहितेच आहे तर लिहून टाकते.

दामूला माझं उत्तर लगेच पटलं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की तिच्या फळ्यांना माशाचं तेल चोळतात, तेव्हा जुनं तेल कोणी काढत नाही. तेलावर तेल बसत गेलं की लाकूड पाण्याला दाद देत नाही. तो म्हणाला, आमच्या होडीचं पण असंच हाय. आणि डबा घेऊन गेला. त्यानंतर नऊ वर्षं तो दर पौर्णिमेला गाडीला वॅक्स लावत राहिला. पौर्णिमेचा हिशेब समुद्राच्या उधाणाचा, अंगात मुरलेला. डबा संपला की स्वतः येऊन नवा न्यायचा. लाकूड तेल पिऊन घेतं, पत्रा काही पीत नाही, हे त्याला कोणी सांगायचं होतं? मीच ना?

मग एका दुपारी दामू गाडी घेऊन आला. हॉर्न दिला नाही. उतरला आणि बॉनेटशी जाऊन उभा राहिला. पांढऱ्या गाडीवर गुलाबी झाक आली होती. फार नाही, पण उन्हात नीट दिसावी एवढी. शेठच्या घरी पाहुणे आले होते, त्यातला कोणीतरी म्हणाला की गाडी गुलाबी घेतली का. झालं. शेठनं दामूला बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, कुठल्या लाल फडक्यानं पुसतोस? फडक्याचा रंग लागलाय. सगळी गाडी नासवलीस. महिनाअखेरीला तुझं काम बंद.

"काकी, माझं फडकं पिवळं हाय," दामू म्हणाला. गाडीतून त्यानं ते काढून दाखवलं. धुऊन धुऊन विरलेलं, पण पिवळंच.

दामू तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा. होडीतला वाटा गेलेला. मालकाची गाडी नासवली म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला आमच्या पट्ट्यात दुसरं कोण ठेवणार? सगळे शेठ एकमेकांना ओळखतात. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

गाडी आमच्या दुकानात पाठवली होती ती शेठनंच. थोड्या वेळानं त्याचा मला फोन आला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे गाडी पहिल्यासारखी पांढरी. आणि दुसरं, बिलावर लिहून द्यायचं, की ड्रायव्हरच्या फडक्याचा रंग लागल्यामुळे हे झालं. नऊ वर्षांच्या माणसाला काढायचं तर कागदावर कारण लागतं. एवढं केलंत तर कारखान्याच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडेच येतील, असंही तो गोड आवाजात म्हणाला. मी म्हटलं, आधी बघते, मग लिहिते.

मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि माझं डोकं फिरलं. गुलाबी झाक होती फक्त बॉनेटवर, छतावर आणि मागच्या डिकीवर. दारं पांढरीशुभ्र. जे जे आभाळाकडे तोंड करून आहे ते गुलाबी, जे उभं आहे ते पांढरं. आता मला सांगा, फडक्याचा रंग लागला असता तर दारांना का लागला नाही? दामू काय दारं पुसतच नव्हता? फडक्याला वर-खाली कळतं? एवढं एक शेंबड्या पोराला दिसेल ते कारखाना चालवणाऱ्या माणसाला दिसलं नव्हतं. की दिसलं होतं?

मी बॉनेट धुतलं आणि क्ले फिरवायला घेतली. दामू बाजूला उभा राहीना, तोही एक वडी घेऊन लागला. वडी चार वेळा फिरवली की तिचा पांढरा रंग जाऊन ती गुलाबी व्हायची. मळून आतली बाजू वर काढायची, की परत गुलाबी. खाली जावं तसा रंग वाढत होता. नऊ वर्षांचं वॅक्स, आणि प्रत्येक थरात कारखान्यातून उडालेली रंगाची पूड. कोरडी असताना ती नुसती धूळ दिसते. पाणी लागलं की फुलते. दामू महिनाभर साठलेली पूड पुसून काढायचा, जी निघायची नाही तिच्यावर वॅक्स लावायचा, आणि परत महिनाभर पूड. त्यानं मनापासून केलेल्या कामानंच ती पूड गाडीवर पक्की झाली होती. आणि माझ्या त्या एका वाक्यानं.

स्पिरिटनं शेवटचा हात मारला तेव्हा बॉनेट आतून निघालं ते असं पांढरं, की दामू मागे सरकला. पाणी ओतलं, थेंब उभा राहिला नाही, सपाट पसरून गेलं. खाली फरशीवरून गुलाबी पाण्याचा ओघळ गटारापर्यंत गेला होता. दामूचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत गुलाबी. तो हसून म्हणाला, घरी पण रोज आंघोळीचं पाणी असंच निघते. मी त्याला नळ दाखवला आणि बॉनेट बघत राहिले.

आमचे हे रंगाची स्प्रे-गन धूत होते. त्यांनी सांगितलं, लिहून दे काहीतरी गोलगोल, आपल्याला इथेच धंदा करायचाय. मी म्हटलं, तुम्ही तुमचं रंगकाम बघा, धुणं-पुसणं माझं आहे.

मी वॅक्स लावलं नाही. गाडी तशीच उघडी कारखान्यात नेली आणि शेठला सांगितलं, बिलावर कारण लिहायचं तर मला खात्री करून घ्यायला हवी. गाडी रोजच्या जागी दोन दिवस उभी ठेवा. किल्ली तुमच्याकडे ठेवा, दामूला रजा द्या, कोणी फडकं लावू नका. त्याला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही. त्याचा मॅनेजर तिथेच उभा होता, तो मान हलवून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. दामूला मी फाटकाशी थांबायला सांगितलं होतं, कोणी म्हणू नये की त्यानं हात लावला. शेठ आला, मॅनेजर आला, ऑफिसमधले दोघे-तिघे खिडकीत आले. बॉनेट पांढरंच दिसत होतं. शेठ म्हणाला, "बघा बाई, दोन दिवसांत काही झालं नाही. म्हणजे फडकंच." मी पिशवीतून साध्या पाण्याची फवारणीची बाटली काढली. पाणी कुठलं तेही सांगितलं, माझ्या घरचं, प्यायचं. त्यातले दोन घोट पिऊन दाखवले. मग बॉनेटवर तीन-चार फवारे मारले.

आधी काही झालं नाही. मग एक ठिपका उमटला. मग पाच-सहा. बघता बघता सगळं बॉनेट गुलाबी ठिपक्यांनी भरून गेलं आणि ते एकमेकांत मिसळून खाली ओघळायला लागले. शेठनं खिशातला रुमाल काढून स्वतः एक ओघळ पुसला, रुमालाकडे बघितलं आणि तो तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मी बोलायला लागले. मनात जे होतं ते सगळं बोलले. म्हटलं, शेठ, हा रंग तुमच्या कारखान्याचा आहे. दामूचं फडकं पिवळं आहे. आणि त्यावर वॅक्स चढवलं गेलं ते माझ्यामुळे, त्यानं विचारलं होतं आणि मी त्याला चुकीचं सांगितलं. बिलावर लिहायचं असेल तर हे सगळं लिहीन, माझ्या नावासकट. शेठ म्हणाला, "बघू." मग मॅनेजरला बाजूला घेऊन गेला. जाता जाता मला म्हणाला, वॅक्स लावून टाका, आणि बिलावर नुसतं वॅक्स लिहा.

दामूची नोकरी राहिली. कारखान्याच्या बाकीच्या गाड्या माझ्याकडे कधीच आल्या नाहीत, पण त्याचं मला काही नव्हतं. दामूच्या बायकोनं सुके बोंबील आणि करंदी भरलेली मोठी पिशवी दुकानात आणून दिली आणि माझ्या पाया पडायला लागली. मी फुगले होते. हो, फुगलेच होते. सहा महिने जो भेटेल त्याला मी ही गोष्ट सांगितली, बाटलीतलं पाणी कसं प्याले ते हातवारे करून. हे म्हणायचे, आता पुरे. मला पुरे होत नव्हतं.

पुढच्या दसऱ्याआधी मॅनेजरचा फोन आला, की शेठच्या गाडीला वॅक्स करायचंय, पण गाडी पाठवता येणार नाही, तुम्हीच या. मी सामान घेऊन गेले. गाडी नेहमीच्या जागी नव्हती. मला वाटलं बाहेर गेली असेल. शिपाई मला कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. तिथे नवी शेड बांधली होती. वर पक्कं छत, तिन्ही बाजू बंद, खाली फरशी, आणि गाडीवर पांढऱ्या जाड कापडाचं कव्हर, बेतून शिवलेलं. वारा इकडून कारखान्याकडे जातो, पूड इथवर पोचत नाही, असं शिपायानं अभिमानानं सांगितलं. कव्हर काढलं, पिशवी हातात घालून बोटं फिरवली. रव्याचा एक कण नाही. पाणी मारलं, गुलाबी काही नाही.

म्हणजे शेठला सगळं समजलं होतं. माझा धडा त्यानं नीट शिकून घेतला होता.

मी शिपायाला विचारलं, दामू कुठे आहे. तो म्हणाला, जुन्या जागीच. शेठला कधी निघायचं असेल त्याचा नेम नाही, म्हणून ड्रायव्हरनं ऑफिसच्या दारासमोर बसायचं, हाक मारली की पळत जाऊन गाडी आणायची. मी कामाला हात न लावता आधी ऑफिसात गेले. शेठला म्हटलं, गाडीला शेड बांधलीत, माणूस तिथेच बसवलात? तो कागदांतून मान वर न करता म्हणाला, सगळ्यांना मास्क दिलेत, घालत नाहीत त्याला मी काय करू. मी म्हटलं, उन्हात दिवसभर मास्क लावून तुम्ही एकदा बसून बघा. त्यानं बेल दाबली. मॅनेजर आला आणि मला दार उघडून दिलं.

आणि तिथे दारात उभी असताना माझ्या लक्षात आलं की बोलायची वेळ ही नव्हती. ती गेली होती. गुलाबी पाणी ओघळत होतं, खिडकीत माणसं उभी होती, शेठच्या हातात रुमाल होता, तेव्हा विचारायला हवं होतं. आंघोळीचं पाणी रोज असंच निघतं, हे दामू माझ्या तोंडावर हसत म्हणाला होता. मनगटापर्यंत गुलाबी हात माझ्यासमोर धरून उभा होता. आणि मी बॉनेट बघत होते, रंग कसा पांढरा निघालाय त्याचं कौतुक करत. सत्तावीस वर्षं लोकांच्या नावानं बोटं मोडली, की यांना वरचंच दिसतं, आतलं दिसत नाही. मला तरी काय दिसलं? मला गाडी दिसली.

त्या दिवशी मी वॅक्स लावलं नाही. सामान उचललं आणि निघाले. मॅनेजरला सांगितलं, दुसरा माणूस बघा. परत त्या फाटकात पाऊल टाकलं नाही. त्यानं कोणाचं काही अडलं नाही, हेही मला माहीत आहे.

जाताना दामूकडे गेले. गाडी जिथे उभी राहायची तिथेच बाकडं टाकलं होतं. जमिनीत अजून चार चाकांच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या मधोमध बाकडं. ऊन चांगलंच होतं. मला बघून तो उठला, बसायला जागा पुसली. गाडी बघितली का, विचारलं. मी म्हटलं, बघितली. तो खूश झाला.

"आता एकदम बेस हाय, काकी," तो म्हणाला. "जरा पण गुलाबी होत नाय."

मी त्याला म्हटलं, दामू, इथे बसू नकोस, शेडमध्ये जाऊन बस, हाक आली तर येईल ऐकू. तो म्हणाला, तिथे आमाला बसायला नाय सांगितलं. मग खिशातून पांढरा रुमाल काढून त्यानं कपाळावरचा, मानेवरचा घाम पुसला. पुसून झाल्यावर मला दिसू नये म्हणून की नेहमीच्या सवयीनं कोण जाणे, गुलाबी बाजू आत घेऊन त्यानं रुमालाची नीट घडी घातली आणि तो खिशात ठेवला.